मलाही आईसारखंच होतंय का?

प्रश्न : डॉक्टर, मी ५६ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आकडेमोडीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दीड-दोन वर्षांपासून दिवसअखेरीचा ताळा लावताना चुका होतात. एकच ओळ तीनदा वाचते. खातेदार समोर बोलत असतो आणि मी मधेच कुठेतरी हरवते. गॅसवर दूध ठेवून विसरणं तर रोजचंच. हाताखालच्या मुलींवर उगाच खेकसते. सकाळी उठते ती जड डोकं घेऊनच. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठावं लागतं. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी ते चढलेलंच असतं. पाळी जाऊन पाच वर्षं झाली, वजन वाढलं. मुलगी म्हणते मी घोरते, त्यामुळे हे बाहेरच्या खोलीत झोपतात. झोप नीट होत नाही म्हटल्यावर इथल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलॅमची गोळी दिली. ती सहा महिने घेतेय. माझ्या आईला सत्तरीनंतर डिमेन्शिया झाला. शेवटी ती मला ओळखत नव्हती. मलाही तसंच होतंय का? लोकांच्या लक्षात यायच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेऊ का?

उत्तर :

ताई, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तूर्तास कपाटात ठेवा. द्यायचा की फाडायचा ते सहा महिन्यांनी ठरवू.

पत्रावरून निदान करू नये आणि मीही करत नाही. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत. तुम्ही घोरता, इतकं की यजमानांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. का उरकलीत तेही कळतं. आपल्याकडे पुरुष घोरला तर ‘दमलाय बिचारा, गाढ झोपलाय’, आणि बाई घोरली तर घरभर हसू. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका थकवा, डोकेदुखी, चिडचिड सगळं सांगतात आणि घोरता का विचारलं की नवऱ्याकडे बघतात.

घोरणं, सकाळचं जड डोकं, रात्री लघवीला उठणं, दोन गोळ्यांना न जुमानणारं बीपी, पाळी गेल्यानंतरची वर्षं, वाढलेलं वजन. एवढ्या गोष्टी एकाच माणसात एकत्र दिसल्या की तपासायची पहिली गोष्ट असते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणं. ताळ्यातल्या चुका, समोरच्याच्या बोलण्यातून हरवणं, खेकसणं हेही त्याच खात्यावर जमा होऊ शकतं. डिमेन्शियाचा विचार त्यानंतर करायचा.

आपल्याकडे अनेकांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगताना त्याचा उल्लेख केला होता. त्याने जागरूकता आली, पण लठ्ठ, घोरणाऱ्या पुरुषाचं चित्रही मनात पक्कं झालं. डॉक्टरांच्या मनातही फार वेगळं चित्र नव्हतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वयाच्या नोकरदार स्त्री-पुरुषांची झोप रात्रभर तपासली गेली आणि १९९३ साली आकडे प्रसिद्ध झाले. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडणारे पुरुष २४ टक्के निघाले आणि स्त्रिया ९ टक्के. त्याआधी दवाखान्यांत दिसणारी बायकांची संख्या यापेक्षा कितीतरी कमी होती. बायकांना हा त्रास होता, त्या तपासणीपर्यंत पोचत नव्हत्या. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकरांपैकी १९.५ टक्के जणांचा श्वास झोपेत अडत होता आणि त्याचा दिवसा त्रासही होणारे ७.५ टक्के होते. फार मोलाचं काम, पण तेही फक्त पुरुषांवरचं.

पाळी थांबल्यावर बायकांमधलं हे प्रमाण वाढतं. प्रोजेस्टेरॉन हे स्त्रियांमधलं संप्रेरक श्वासाला चालना देतं, ते कमी होतं, आणि चरबी मानेभोवती, पोटावर साठू लागते. शिवाय बायका तक्रार वेगळ्या शब्दांत मांडतात. पुरुष म्हणतो ‘मीटिंगमध्ये डुलकी लागते’. बाई म्हणते ‘झोपच लागत नाही, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही’. मग ‘वय झालं’, ‘पाळी गेली ना’, ‘टेन्शन घेऊ नका’ अशी उत्तरं मिळतात आणि हातात झोपेची गोळी पडते. त्या गोळीकडे पुढे येते.

आता रात्री काय होतं ते बघा. घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नाही, तो स्नायूंवर उभा असतो. झोपेत स्नायू सैलावतात. ज्यांची वाट मुळात अरुंद असते, त्यांची ती मिटते. छाती श्वास ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ हे चाललं तर ते एकदा श्वास अडणं मोजलं जातं. पुष्कळदा ते वीस-तीस सेकंद चालतं, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवून तुम्हाला अर्धवट जागं करतो. घशात ताण येतो, एक मोठा घुरका, की श्वास सुरू. काही सेकंदांत पुन्हा झोप, आणि सकाळी यातलं काहीही आठवत नाही. तीव्र आजारात हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा होतं. सहा तासांच्या झोपेचा गुणाकार तुम्हाला सांगायला नको.

दर वेळी अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि बीपी चढतं. रात्रभर असं झाल्यावर दिवसाचं बीपीही खाली यायला तयार नसतं. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून सकाळी डोकं जड. आणि तुम्हाला वाटतं लघवीमुळे जाग येते. बऱ्याचदा ते उलटं असतं. बंद घशाविरुद्ध छाती ओढत राहिल्याने हृदयाचे कप्पे ताणले जातात, त्याला ‘शरीरात पाणी जास्त झालं’ असं वाटतं आणि मूत्रपिंडांना लघवी जास्त बनवायचा संदेश देणारं संप्रेरक ते सोडतं. कित्येक जण वर्षानुवर्षं मूत्रमार्गाचे किंवा प्रोस्टेटचे उपचार घेत राहतात आणि दोष निघतो घशात.

मेंदूवर यात दोन घाव बसतात, तुटलेल्या झोपेचा आणि खालीवर होणाऱ्या ऑक्सिजनचा.

पहिला तुम्हाला पतसंस्थेच्या वह्यांवरून लगेच कळेल. दिवसभरात जे घडतं ते मेंदू आधी रोजकीर्दीत टिपतो. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग हे काम करतो. खतावणी रात्री होते. गाढ झोपेत त्या नोंदी पुन्हा चाळल्या जातात, महत्त्वाच्या नोंदी कायमच्या खात्यांवर चढतात, फालतू गळतात. खतावणीला बसलेल्या माणसाला दर दोन मिनिटांनी कुणी उठवलं तर काय होईल? नोंदी अर्ध्या राहतील, चुकीच्या पानावर जातील, आणि सकाळी नवी रोजकीर्द लिहायला घेताना कालचं काम टेबलावर तसंच पडलेलं असेल.

गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सगळ्यात सैल असतात, त्यामुळे श्वासही तेव्हाच जास्त अडतो, बायकांमध्ये तर विशेष. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी याचा एक छान प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध केला. झोपेत घसा उघडा राहावा म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र लावून नीट झोपणाऱ्या रुग्णांना संध्याकाळी कॉम्प्युटरवर एका चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवलं. एका रात्री यंत्र पूर्ण चालू ठेवलं, दुसऱ्या एका रात्री फक्त स्वप्नांच्या झोपेत हवेचा दाब कमी केला. पूर्ण रात्र श्वास नीट चालला त्या सकाळी ती माणसं आदल्या संध्याकाळपेक्षा लवकर वाट काढत होती. स्वप्नांच्या झोपेत श्वास अडला त्या सकाळी ही सुधारणा नव्हती. माणसं तीच होती, बिघडली होती फक्त रात्र.

दुसरा घाव ऑक्सिजनचा. निरोगी माणसाचा ऑक्सिजन झोपेत साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास राहतो. अ‍ॅप्नियात तो ८० पर्यंत किंवा त्याखालीही उतरतो, वर येतो, पुन्हा उतरतो. या खालीवर होण्यातून पेशींना इजा करणारे पदार्थ तयार होतात, दाह वाढतो, बारीक रक्तवाहिन्यांची अस्तरं खराब होतात. हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा पुढचा मेंदू या माऱ्याला विशेष हळवे असतात. अ‍ॅप्निया असलेल्या लोकांच्या एमआरआयमध्ये या भागांतलं राखाडी द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, सरासरीने कमी आढळल्याचे अनेक अभ्यास आहेत.

पुढचा मेंदू काय करतो? एका कामावर लक्ष टिकवणं, दोन आकडे डोक्यात धरून तिसरा मिळवणं, मधे कुणी बोललं तर परत होतं तिथे येणं, आणि जिभेवर आलेला कडक शब्द गिळणं, ही सगळी त्याची कामं. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. एक ओळ तीनदा, अर्ध्या बोलण्यातून हरवणं, मुलींवर खेकसणं, हे सगळं तिथलंच आहे. खेकसल्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. हा तुमच्या स्वभावाचा भाग असता तर तो इतक्या वर्षांत कधीच दिसला असता.

अ‍ॅप्नियात सहसा काय शाबूत राहतं तेही बघा. शब्दसंपत्ती, भाषा, आधीचं ज्ञान, इतक्या वर्षांत मुरलेलं हिशेबाचं शास्त्र याला फारसा धक्का लागत नाही. बिघडतं ते लक्ष, वेग, नियोजन आणि नवं लक्षात ठेवणं. बऱ्याचदा तर गोष्ट मेंदूत पोचलेलीच नसते. दूध ठेवलं त्या क्षणी लक्ष तिथे नव्हतं, मग दहा मिनिटांनी आठवणार काय? अल्झायमर्सच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराच्या, सुरुवातीचं विसरणं बहुधा वेगळ्या घडणीचं असतं. त्यात सकाळी झालेलं बोलणं संध्याकाळी पुसलेलं असतं, आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो. आणि त्या माणसाला स्वतःला फारसं जाणवत नाही, तक्रार घरचे करतात. तुम्हाला कुणी ‘अगं, दूध ठेवलं होतंस’ म्हटल्यावर ‘अरे हो!’ होतं ना? हा काही पक्का निकाल नव्हे आणि दोन्ही आजार एका माणसात असूही शकतात. पण आपल्या चुका इतक्या नेमक्या मोजून लिहिणारी बाई पाहिली की माझा कल कुठे जातो ते तुम्हाला कळलंच असेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: दिवसा झोप येते का. कदाचित येतही नसेल. पण त्यावर विसंबू नका. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी माणसांना सलग १४ रात्री सहाच तास झोपू दिलं. लक्षाच्या चाचणीत त्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, शेवटी अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या. ‘झोप किती येतेय’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. त्यांना वाटत होतं, सवय झाली. हा प्रयोग अ‍ॅप्नियावरचा नव्हे, पण तुटक्या झोपेत वर्षं काढलेला माणूस ‘मला काही होत नाही’ का म्हणतो ते यावरून समजतं. पतसंस्थेत स्कूटरवर जात असाल तर निदान होईपर्यंत कुणाच्या मागे बसून जा किंवा एसटीने जा. उपचार न घेतलेल्या अ‍ॅप्नियात गाडी चालवताना अपघात जास्त होतात, हे भरपूर वेळा सिद्ध झालेलं आहे.

आता आईचा विषय. अ‍ॅप्नियामुळे पुढे डिमेन्शिया होतो का? संबंध आहे, हे खोटं सांगून लपवणार नाही. अमेरिकेत सरासरी ८२ वर्षांच्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०११ साली आला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाच डिमेन्शिया नव्हता. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं, तेव्हा ज्यांचा श्वास झोपेत बराच अडत होता त्यांच्यापैकी जवळपास ४५ टक्के जणींची स्मृती-विचारशक्ती घसरलेली होती किंवा डिमेन्शिया झालेला होता. इतरांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. फरक ऑक्सिजनच्या कमतरतेशी जुळत होता, झोपेच्या एकूण तासांशी नाही. पण दुसरी बाजूही ऐका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात झोपेचे आजार नाहीत, कारण पुरावा अजून तेवढा पक्का मानला गेला नाही. उच्च रक्तदाब मात्र त्या यादीत आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणंही आहे. म्हणजे तुमचं न उतरणारं बीपी हाच डिमेन्शियाच्या दृष्टीने सगळ्यात ठोस मुद्दा ठरतो, आणि अ‍ॅप्निया असेल तर बीपी आवरायचा रस्ता तिथूनच जातो. आईला सत्तरीनंतर झालेल्या आजाराने तुमचा धोका काहीसा वाढतो. पण तो तुमच्या कपाळी लिहून ठेवलेला नाही.

मग उपचाराने डोकं परत ताळ्यावर येतं का? मिलानमधल्या एका गटाने तीव्र अ‍ॅप्नियाच्या रुग्णांचे मेंदू उपचाराआधी आणि नंतर एमआरआयने पाहिले. तीन महिन्यांनी हिप्पोकॅम्पस आणि पुढच्या मेंदूतलं राखाडी द्रव्य काही अंशी भरून आलेलं दिसलं, आणि वर्षभराने मेंदूतल्या वायरिंगचे बदलही बरेचसे मागे फिरलेले दिसले. तपासण्या थोड्याच रुग्णांवर झाल्या होत्या, हे लक्षात ठेवा. दुसरीकडे हजाराहून अधिक लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. निम्म्यांना खरं यंत्र दिलं, निम्म्यांना हुबेहूब दिसणारं पण उपयोगाचा दाब न देणारं. २०१२ साली आलेला त्याचा निकाल उत्साहावर पाणी टाकणारा होता. दिवसाची झोप कमी झाली, पण बुद्धीच्या चाचण्यांत दोन महिन्यांवर थोडासा फायदा दिसला आणि सहा महिन्यांवर तोही पुसट झाला. असे अभ्यास वाचताना एक गोष्ट मी नेहमी बघते: यंत्र रोज रात्री पूर्ण वेळ लावणारे किती? ते फार नसतात. माझ्या अनुभवात लक्ष, वेग आणि चिडचिड यांत फरक आधी पडतो, कधी दोन-तीन आठवड्यांतच. नवं लक्षात राहण्यातला फरक सावकाश येतो. आणि काहींमध्ये थोडी उणीव राहतेही. ‘मशीन लावा, स्मरणशक्ती दुप्पट’ असं कुणी दुकानदार म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आधी ती गोळी. अल्प्राझोलॅम आणि त्या जातीच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात, श्वास अडल्यावर मेंदूला जागं व्हायला उशीर लावू शकतात, आणि स्वतःच स्मरणशक्ती मंद करतात. म्हणजे तुमच्या त्रासात ती तीनही बाजूंनी भर घालत असू शकते. पण हे वाचून आज रात्री गोळी फेकून देऊ नका! सहा महिने रोज घेतल्यानंतर एकदम बंद केली तर झोप पूर्ण उडते, घाबरं होतं, क्वचित झटकेही येतात. देणाऱ्या डॉक्टरांकडे जा, अ‍ॅप्नियाची शंका सांगा आणि टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. घरात कुणी रात्री ‘थोडीशी’ घेणारं असेल, तर दारूही घशाशी हेच करते.

त्याच फेरीत रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि बी-१२. बी-१२ तर सोडूच नका. शाकाहारी घरांत ते कमी असणं सर्रास आढळतं, मधुमेहावर मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखीच, आणि त्यानेही लक्ष लागत नाही, विसरायला होतं. मन सतत उदास असेल तर तेही सांगा. उदासीने स्मरणशक्ती बिघडते आणि अ‍ॅप्नियाबरोबर ती बऱ्याचदा असतेच. बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी सुरू केलं असेलच. बदामाने नुकसान नाही, खिशाचं सोडलं तर.

मुलीला सांगा, पहाटे चार-पाचच्या सुमारास, तुम्ही उताण्या झोपलेल्या असताना मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ घे. घोरणं चालू, मग एकदम शांतता, छाती हलतेय पण आवाज नाही, आणि मग मोठा घुरका. असं दिसलं तर तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा लवकर पटेल. लाजू नका, आम्ही असे व्हिडिओ रोज बघतो.

जायचं छातीविकारतज्ज्ञांकडे किंवा झोपेचे आजार बघणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. जिल्ह्यात सोय नसेल तर पुणे काही लांब नाही. तपासणी दोन प्रकारची असते. घरी करायच्या टेस्टमध्ये नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं असतं. स्वस्त आणि सोयीची. पण ती मेंदूच्या लहरी मोजत नाही, त्यामुळे तुम्ही जागं पडलेला वेळही झोप म्हणून धरला जातो आणि सरासरी खाली येते. ऑक्सिजन फारसा न उतरता नुसती झोप तुटत असेल तर तेही निसटतं, आणि हे बायकांमध्ये जास्त घडतं. म्हणून घरची टेस्ट नॉर्मल आली आणि त्रास चालूच राहिला, तर प्रयोगशाळेत रात्रभर राहून होणारी पूर्ण तपासणी मागून घ्या. तिथे डोक्याला, छातीला, पायांना तारा लावतात. ‘एवढ्या तारांत झोप कशी लागेल’ असं सगळेच म्हणतात आणि बहुतेकांना लागते.

रिपोर्टमध्ये एएचआय असं लिहिलेला आकडा असेल, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा खूप उथळ झाला. पाचच्या आत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र. पण त्याच पानावर ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली किती मिनिटं होता हेही असतं. मेंदूच्या दृष्टीने मी तो आकडा आधी बघते.

मध्यम किंवा तीव्र निघाला तर पहिला उपाय सीपॅप. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली ही कल्पना प्रसिद्ध केली आणि तिच्या तोडीचं काही अजून सापडलेलं नाही. लहानसं यंत्र नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबाची हवा देतं आणि त्या दाबाने घसा मिटत नाही. औषध नाही, ऑक्सिजनचा सिलिंडरही नाही. गल्लत करू नका, लोक उगाच घाबरतात. पहिले दोन आठवडे वैताग येतो, हे आधीच सांगते. नाक कोरडं पडतं, मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांवर येते, रात्री अडीच वाजता तो काढून फेकावासा वाटतो. म्हणून विकत घेण्याआधी भाड्याने घ्या आणि दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघा. फसतं ते बहुधा मास्कपाशी, यंत्रापाशी नाही. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करा. कोरडेपणासाठी पाण्याचं भांडं जोडता येतं, त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाच्या पाण्याने क्षार साठतात. तुमच्याकडे वीज जात असेल तर इन्व्हर्टरची सोय आधी बघा. बहुतेक यंत्रं किती तास लावलं याची नोंद ठेवतात. रात्री निदान चार तास हा किमान पास होण्याचा निकष, तुम्हाला पूर्ण झोप हवी आहे.

सौम्य निघाला तर कुशीवर झोपणं, नाकाची अ‍ॅलर्जी आटोक्यात आणणं, खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन, एवढ्यावरही भागू शकतं. वजन उतरवण्याचा फायदा सगळ्यांनाच होतो, पण ‘आधी वजन कमी करा मग बघू’ या सल्ल्यावर वर्ष घालवू नका. झोप मोडलेली असताना भूक वाढते आणि चालायला बळ नसतं. यंत्र आणि वजन दोन्ही बरोबर चालू दे.

राहिला नोकरीचा प्रश्न. संस्थेतल्या विश्वासाच्या एका माणसाला तपासण्या चालू आहेत एवढं सांगा, आजाराचं नाव सांगायची गरज नाही. मोठ्या रकमांच्या नोंदींवर काही महिने दुसऱ्याची नजर फिरू दे. शक्य असेल ते बारकाईचं काम दुपारच्या जेवणाआधी उरका. तपास आणि तीन महिन्यांचा नीट उपचार झाल्यावरही विसरणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची पूर्ण चाचणी करून घेऊ. तोवर आईच्या आजाराशी स्वतःला रोज ताडून बघणं थांबवा.

रिपोर्ट आला की एएचआय आणि ऑक्सिजनची ती मिनिटं, दोन्ही आकडे मला कळवा. बीपीची आठवडाभराची सकाळ-संध्याकाळची नोंदही जोडा, म्हणजे दोन गोळ्यांचं काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना सोपं जाईल.